नवा व्हिडिओ गेम विकत घेण्याआधी

संगणकावर खेळायचा मोठा नवा गेम आज भारतात साधारण तीन ते पाच हजार रुपयांना पडतो. आमच्या मेसचे महिन्याचे बिल याच्याच आसपास येते. त्यामुळे वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षाकाठी असे फार तर दोन गेम परवडतात, आणि त्यातला एक फसला की अर्धे वर्ष फुकट गेल्यासारखे वाटते. मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या सहा वर्षांत गेम खेळण्यात जितका वेळ घालवला, त्याहून अधिक वेळ गेमविषयीचे व्हिडिओ पाहण्यात आणि परीक्षणे वाचण्यात गेला असेल. त्यातून एक गोष्ट पक्की झाली आहे: गेम बाजारात येतो त्या आठवड्यात त्याच्याविषयी सर्वांत जास्त बोलले जाते आणि सर्वांत कमी माहीत असते. आपल्याकडे पैसे कमी असले, तरी थांबायला कोणी आडकाठी करत नाही. पुढची सगळी पद्धत या एका सोयीवर उभी आहे.

आधी स्वतःचे यंत्र

प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, त्या कार्डाची स्वतःची मेमरी, रॅम आणि एसएसडीवरची मोकळी जागा या पाच गोष्टी मोबाइलमध्ये लिहून ठेवाव्यात. माझ्या लॅपटॉपमध्ये ४ जीबी मेमरीचे जीटीएक्स १६५० हे कार्ड आहे. हे एवढे वाक्य पाठ असले, तरी निम्म्या जाहिराती आपोआप निष्प्रभ होतात. स्टीम या संगणकावरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानात प्रत्येक गेमच्या पानाच्या तळाशी ‘किमान’ आणि ‘शिफारस केलेली’ अशा दोन रकान्यांत यंत्राच्या अटी दिलेल्या असतात. किमान रकान्यातली अट आपण पूर्ण करतो म्हणजे गेम सुरू होईल, इतकाच अर्थ घ्यावा. तो किती फ्रेम्सने आणि किती स्पष्ट दिसेल हे तिथे बहुतेक वेळा लिहिलेलेच नसते. सेकंदाला ३० फ्रेम्स मिळत असतील तर प्रत्येक चित्र सुमारे ३३ मिलिसेकंद पडद्यावर राहते आणि ६० मिळत असतील तर सुमारे १७. कथाप्रधान गेममध्ये हा फरक सहन होतो, नेमबाजीच्या गेममध्ये होत नाही.

जागेचा हिशोब तर कागदावर मांडूनच करावा. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेल्या बाल्डर्स गेट ३ च्या पानावर १५० जीबी मोकळी जागा आणि एसएसडी अशी स्पष्ट अट आहे. वसतिगृहाच्या वायफायवर २० एमबीपीएस इतका वेग सलग मिळाला, जो रात्री दोननंतरच मिळतो, तर १५० जीबी उतरवायला जवळजवळ सतरा तास लागतात. मोबाइलच्या रोजच्या दीड जीबी पॅकवर हेच काम शंभर दिवसांचे आहे. गेमची किंमत पाहताना आपण ही किंमत धरतच नाही.

हे शहाणपण मला फुकट मिळालेले नाही. दोन वर्षांपूर्वी किमान अट वाचून मी एक गेम घेतला; त्याचे नाव येथे मुद्दाम देत नाही. सुरुवातीचा बंदिस्त तुरुंगाचा भाग सुरळीत चालला. नायक शहराच्या बाजारात शिरला आणि चित्र अडखळू लागले. कोपऱ्यातला फ्रेम्सचा आकडा १४ ते २२ च्या मध्ये लोंबकळत होता. सावल्या कमी कर, गवत कमी कर, पुन्हा सुरू कर, असे करत मी रात्री एकपर्यंत बसलो. लॅपटॉपचा पंखा इतका घोंघावत होता की सकाळी व्हायवा असलेल्या माझ्या खोलीतल्या मित्राने शेवटी उशी फेकून मारली. तोपर्यंत खेळल्याची वेळ दोन तास दहा मिनिटे झाली होती आणि पैसे परत मागण्याची मुदत दोन तासांची होती. सेटिंग्ज बदलण्यात घालवलेला वेळही ‘खेळलेला वेळ’ म्हणूनच मोजला जातो, हे मला तेव्हा कळले.

म्हणून विकत घेण्याआधी यूट्यूबवर गेमचे नाव आणि आपल्या कार्डाचे नाव एकत्र टाकून शोधावे. चांगल्या चाचणीच्या व्हिडिओत तीन गोष्टी असतात: चित्रण न कापलेले असते, गर्दीची जागा दाखवलेली असते आणि सरासरी फ्रेम्सच्या शेजारी ‘एक टक्का लो’ हा आकडा असतो. सर्वांत संथ एक टक्का फ्रेम्सचा वेग त्या आकड्यावरून कळतो. सरासरी ४५ आणि एक टक्का लो १२ असेल, तर गेम कागदावर चालतो आणि डोळ्यांना अडखळतो. काही वाहिन्या यंत्र समोर नसतानाच आकडे छापतात. बाजारात न आलेल्या गेमचीही चाचणी एखाद्या वाहिनीवर दिसली, तर ती वाहिनी कायमची सोडून द्यावी.

ट्रेलर पाहताना

ट्रेलर दोनदा पाहावा, दुसऱ्यांदा आवाज बंद करून. संगीत निघून गेले की हातात नेमके काय उरते ते दिसते. तळाशी बारीक अक्षरांत आलेली ओळ व्हिडिओ थांबवून वाचावी. दृश्ये ‘इंजिनमधील’ आहेत असे लिहिले असेल, तर ती गेमच्याच सॉफ्टवेअरमध्ये तयार झाली एवढेच त्यातून कळते; खेळाडूच्या हातात ती तशीच येतील असे त्यात कोणी म्हटलेले नसते. खऱ्या खेळाच्या चित्रणात पडद्यावर नकाशा, जीवनपट्टी आणि गोळ्यांचा आकडा दिसतो, कॅमेरा मधूनच भिंतीला अडकतो, नेम चुकतो. पाच मिनिटांत एकदाही नेम न चुकणारा खेळाडू हा खेळाडू नसून दिग्दर्शक असतो.

द डे बिफोर या गेमचे उदाहरण अजून ताजे आहे. झोंबींच्या जगात तगून राहण्याचा, हजारो खेळाडूंचा विशाल गेम म्हणून त्याच्या ट्रेलरांनी इतकी हवा केली होती की एके काळी स्टीमच्या विशलिस्टमध्ये, म्हणजे लोकांनी पुढे घ्यायच्या म्हणून नोंदवलेल्या गेमच्या यादीत, तो अगदी वरच्या स्थानी होता. ७ डिसेंबर २०२३ रोजी तो आला, दाखवलेल्यापेक्षा फारच वेगळा निघाला, आणि चारच दिवसांनी त्याच्या स्टुडिओने आपण बंद होत असल्याचे जाहीर केले. ग्राहकांना पैसे परत मिळाले, पण विशलिस्टमधला क्रमांक हा गुणवत्तेचा पुरावा नाही हे त्यातून कायमचे शिकण्यासारखे आहे. ट्रेलरपेक्षा डेमो कधीही बरा. स्टीमवर वर्षातून तीनदा, साधारणतः फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबर महिन्यांत, नेक्स्ट फेस्ट भरतो आणि त्या आठवड्यात येऊ घातलेल्या शेकडो लहान गेमचे डेमो फुकट खेळता येतात. सबमिशनच्या आठवड्यात तो येऊ नये अशी प्रार्थना मात्र करावी.

परीक्षण कसे वाचावे

मोठ्या कंपन्या परीक्षकांना गेम आधी देतात आणि अमुक दिवसापूर्वी काही प्रसिद्ध करायचे नाही अशी अट घालतात. या अटीला एम्बार्गो म्हणतात. ही प्रथा मुळात वाईट नाही, कारण तिच्यामुळे सर्वांना लिहायला सारखा वेळ मिळतो. पाहायचे ते अटीचे तपशील. सायबरपंक २०७७ हा गेम १० डिसेंबर २०२० रोजी आला. त्याआधीची परीक्षणे उत्तम होती, परंतु ती सगळी संगणकावरच्या आवृत्तीची होती आणि परीक्षकांना स्वतः केलेले चित्रण दाखवण्याची मुभा नव्हती. प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या जुन्या यंत्रांवर गेमचे काय हाल आहेत हे लोकांना तो विकत घेतल्यानंतर कळले. सव्वा आठवड्याच्या आत प्लेस्टेशनवाल्या सोनीने तो आपल्या दुकानातून काढला आणि जून २०२१ मध्ये परत ठेवला. पुढे सप्टेंबर २०२३ च्या २.० या अपडेटने गेमचा कायापालट झाला, पण जुन्या दोन यंत्रांना ते अपडेट मिळालेच नाही. तेव्हा परीक्षण उघडले की गुणांकडे जाण्याआधी दोन ओळी शोधाव्यात: परीक्षकाने गेम कोणत्या यंत्रावर खेळला आणि किती तास खेळला. या ओळी नसतील तर तो लेख परीक्षण म्हणून धरू नये, मनोरंजन म्हणून खुशाल वाचावा.

याउलट, आधी प्रती न देणे हा दर वेळी लपवाछपवीचा पुरावा असतो असेही नाही. हॉलो नाइट: सिल्कसाँग हा गेम ४ सप्टेंबर २०२५ रोजी आला. टीम चेरी या ऑस्ट्रेलियातल्या छोट्या चमूने त्याच्या आगाऊ प्रती कोणालाच दिल्या नव्हत्या, कारण सर्वांनी तो एकाच वेळी सुरू करावा अशी त्यांची इच्छा होती. गर्दीने त्या दिवशी स्टीमसह अनेक ऑनलाइन दुकाने कोलमडली आणि गेम मात्र उत्तम निघाला.

याच सिल्कसाँगवरून परीक्षण वाचण्याची माझी आवडती रीत सांगता येईल. सर्वांत चांगले आणि सर्वांत वाईट, परंतु दोन्ही नीट लिहिलेली, अशी दोन परीक्षणे शेजारी उघडावीत आणि दोघांनी वर्णन केलेली एकच वस्तुस्थिती शोधावी. सिल्कसाँगविषयी दोन्ही बाजूंचे लोक हेच सांगत होते की शत्रूचा एक फटका अनेकदा दोन मुखवटे, म्हणजे जीवनाचे दोन घटक, घेऊन जातो आणि मेल्यावर बाकापासून, म्हणजे खेळ जिथून पुन्हा सुरू होतो त्या जागेपासून, लांब धावत यावे लागते. एकाने याला धाडस म्हटले, दुसऱ्याने छळ. वस्तुस्थितीवर दोघांचे एकमत असल्यामुळे निर्णय आपल्या हातात येतो: दिवसभर प्रॅक्टिकल करून आल्यावर रात्री दहाला हे आपल्याला चालेल का? (पहिल्याच अपडेटमध्ये सुरुवातीच्या दोन मोठ्या शत्रूंना किंचित सौम्य केले गेले. म्हणजे तक्रार करणारे अगदीच रडे नव्हते.) अनेकांची परीक्षणे एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावरचा एकत्रित गुण यातले काहीच सांगत नाही. तो भारित सरासरीने काढलेला असतो, आणि सरासरीत धाडस आणि छळ एकमेकांना खाऊन टाकतात.

आपल्या गावच्या गेमलाही हीच फूटपट्टी लावावी. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओचा राजी: ॲन एन्शंट एपिक २०२० मध्ये आला आणि त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या पुरस्कारासाठी त्याला नामांकन मिळाले. त्याविषयी बोलताना आपल्याकडचे बहुतेक व्हिडिओ अभिमानाने सुरू होतात आणि अभिमानातच संपतात. त्यातली चित्रकला आणि भित्तिचित्रांसारखी दृश्ये मला फार आवडली, मारामारी लवकर एकसुरी झाली, आणि गेम पाच-सहा तासांत संपला. पूर्ण किमतीत घ्यायचा की सवलतीची वाट पाहायची हे ठरवताना या तीन गोष्टींचा उपयोग होतो; ‘आपला म्हणून घ्या’ या सल्ल्याचा होत नाही.

स्ट्रीमर आणि पैसा

एखाद्या स्ट्रीमरने, म्हणजे थेट प्रक्षेपण करत गेम खेळणाऱ्याने, पैसे घेऊन गेम खेळला म्हणून तो खोटेच बोलतो असे मी मानत नाही, पण ते आपल्याला माहीत असले पाहिजे. मुंबईस्थित ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडियाने जून २०२१ पासून समाजमाध्यमांवरील अशा मजकुरावर तो जाहिरात असल्याची ठळक खूण करण्याची मार्गदर्शक तत्त्वे लागू केली आहेत. यूट्यूबवरही सशुल्क प्रचाराची पट्टी व्हिडिओच्या सुरुवातीला काही सेकंद कोपऱ्यात दिसते. आपण नेमके तेच सेकंद पुढे ढकलतो. वर्णनात सवलतीचा कोड असेल, तर आपल्या खरेदीतला वाटा त्या वाहिनीला मिळण्याची शक्यता गृहीत धरावी. पैसे लावून खेळायच्या ॲप्सचा विषय तर वेगळाच आहे. ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने त्या खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घातली असून ई-स्पोर्ट्सला, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, वेगळे काढून मान्यता दिली आहे. तरीही कोणी थेट प्रक्षेपणाच्या मध्येच ‘टेलिग्रामवर या’ म्हणू लागला, तर तिथून उठावे.

पैशापेक्षा मला अधिक फसवणारी गोष्ट दुसरीच वाटते. काही गेम पाहायला मजेदार असतात आणि खेळायला नाहीत. स्ट्रीमर किंचाळतो, गप्पा मारतो, चार मित्रांना बोलावतो, आणि आपल्याला आवडलेली ती मैफल असते. आपण एकटे खोलीत बसून तोच गेम लावला की अर्ध्या तासात कंटाळतो. उलट फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेला, एका कॅनडियन माणसाने एकट्याने घडवलेला बलाट्रो हा पत्त्यांचा गेम पाहताना मला काहीच कळत नव्हते, आणि स्वतः खेळायला घेतल्यावर एकदा पहाटेचे चार वाजले. म्हणून व्हिडिओ पाहताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: हा माणूस गप्प बसला तर मी हे पाहत राहीन का? त्यासाठी कोणीही न बोलता केलेले, वीस मिनिटांचे सलग चित्रण शोधावे आणि तेही गेमच्या मधल्या भागातले, कारण पहिला तास प्रत्येक कंपनी घासूनपुसून देते. कथाप्रधान गेमबाबत मात्र इथेच थांबावे. शेवट पाहिलाच तर मग तो विकत घेण्याचे कारण उरत नाही, आणि तसे झाले तर त्यातही वाईट काही नाही. तेवढे पैसे वाचले.

सामान्य खेळाडूंची मते

स्टीमवर मत देणाऱ्याने गेम विकत घेतला होता की त्याला तो फुकट मिळाला होता आणि मत लिहिताना त्याचे किती तास झाले होते, हे सगळे त्या मताच्या शेजारीच दिसते. एकूण मतांऐवजी गेल्या तीस दिवसांतली मते आधी पाहावीत. एकूण मत चांगले आणि अलीकडचे वाईट असेल, तर एखाद्या अपडेटने काहीतरी बिघडवलेले असते. उलट असेल, तर बिघडलेले सुधारलेले असते. मला सर्वांत उपयोगी पडतात ती पन्नासहून अधिक तास खेळून नापसंती नोंदवणाऱ्यांची मते, कारण त्यांना गेम आवडला होता आणि नेमके काय खटकले ते सांगता येते.

एकदम हजारो नकारात्मक मते आली की ‘हा तर बहिष्कार आहे’ असे म्हणून ती झटकू नयेत. मे २०२४ मध्ये हेलडायव्हर्स २ च्या संगणकावरील खेळाडूंना प्लेस्टेशनचे खाते जोडण्याची सक्ती जाहीर झाली आणि काही दिवसांत दोन लाखांहून अधिक नापसंतीची मते पडली. अनेक देशांत ते खाते उघडण्याची सोयच नव्हती. सोनीने निर्णय मागे घेतला. त्या मतांत गेमच्या दर्जाविषयी काही नव्हते, पण विकत घेतलेल्या वस्तूवर कोणाचा किती ताबा राहतो, याविषयी बरेच होते.

हा ताब्याचा मुद्दा केवळ ऑनलाइन चालणाऱ्या गेमबाबत कळीचा ठरतो. सोनीचा काँकॉर्ड २३ ऑगस्ट २०२४ रोजी आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. पैसे परत मिळाले. युबिसॉफ्टच्या द क्रूचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद झाले आणि नऊ वर्षांहून जुना तो गेम, एकट्याने खेळायचा भाग धरून, कोणालाच खेळता येईनासा झाला. म्हणून गेमच्या पानावर ‘सतत इंटरनेट आवश्यक’ असे लिहिले असेल, तर त्याची किंमत मी मनातल्या मनात निम्मी धरतो.

पैसे देण्याची वेळ

स्टीमवर खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळले असेल तर पैसे परत मागता येतात. या दोन तासांचा वापर परीक्षेसारखा करावा. गेम उतरवून झाल्यावर, वेळ मोकळा असेल त्याच दिवशी तो सुरू करावा, पहिल्या दहा मिनिटांत सेटिंग्ज आटपाव्यात, मोबाइलवर नव्वद मिनिटांचा गजर लावावा आणि गजर वाजताच गेम बंद करून ठरवावे. मेन्यूवर गेम सोडून जेवायला जाऊ नये, ती वेळही मोजली जाते. काही गेमची महागडी आवृत्ती घेतल्यास काही दिवस आधी खेळायला मिळते, तो वेळही एप्रिल २०२४ पासून या दोन तासांत धरला जातो. प्लेस्टेशनच्या दुकानात नियम अधिक कडक आहे: तिथे गेम उतरवायला सुरुवात केली की परतीचा हक्क सहसा संपतो.

आगाऊ नोंदणी करण्याचे मला एकही पटेल असे कारण सापडलेले नाही, कारण डिजिटल प्रती संपत नाहीत. गेम विशलिस्टमध्ये टाकावा आणि सवलतीचा ईमेल येईपर्यंत आपल्या कामाला लागावे. दरम्यान एपिक या दुसऱ्या कंपनीच्या ऑनलाइन दुकानात दर गुरुवारी काहीतरी फुकट मिळते. मे २०२० मध्ये त्यांनी जीटीए ५ सुद्धा फुकट दिला होता.

भावंडे असतील तर आणखी एक सोय पाहून ठेवावी. सप्टेंबर २०२४ पासून सर्वांना खुल्या झालेल्या स्टीम फॅमिलीजमध्ये एका घरातल्या सहा जणांपर्यंत एकमेकांचे बहुतेक गेम खेळता येतात. एकच प्रत मात्र एका वेळी एकालाच खेळता येते. खोलीतले मित्र यात घेऊ नयेत, कारण ही सोय एकाच घरासाठी आहे, गट सोडला तरी नव्या गटात जायला आधीच्या गटात आल्यापासून वर्ष उलटावे लागते, आणि तुमच्या गेममध्ये कोणी फसवेगिरी केली तर बंदी तुमच्यावरही येते. माझ्या गटात फक्त साताऱ्याला असलेली धाकटी बहीण आहे. परीक्षा लागली की मी गेम बंद करतो आणि ती सुरू करते. सिल्कसाँगमध्ये मी ज्या शत्रूपाशी तीन आठवडे अडकलो होतो, तो तिने माझ्या दुसऱ्या पेपरच्या आदल्या रात्री पाडला आणि तसा फोटोही पाठवला.